लडाखी घरांची ऊब

महोदय,

सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेहमध्ये हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरतो, तरी तेथील बरीच घरे आजही बुखारीवरच, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीवरच, विसंबून आहेत. तिच्याजवळ चेहरा भाजतो आणि पाय गारच राहतात. फरशीखालच्या नळ्यांतून 35 ते 40 अंशांचे पाणी खेळवणारी व्यवस्था तेथील लख्ख उन्हाला साजेशी आहे, कारण पाणी एवढे गरम तर उन्हावर चालणारे सौर संग्राहकही करू शकतात. मात्र नळ्यांखाली उष्णतारोधक थर नसल्यास ऊब जमिनीतच जिरते आणि पाण्यात गोठणरोधक द्रव नसल्यास नळ्या फुटण्याची भीती असते. म्हणून शासनाने अनुदान द्यायचेच, तर ते आधी भिंती, छप्पर आणि दक्षिणेकडील काचेच्या खिडक्यांसाठी द्यावे. एरवी ऊब घराबाहेर निसटेल आणि फरशी तापवण्याचा खर्च फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखाच ठरेल.

— एक वाचक, पुणे