‘आधी रक्त वाढवा, मग औषध’ हा सल्ला मुलांच्या जिवावर बेततो

संपादक महोदय,

लहान मुलांमधल्या रक्तक्षयावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. जंत, लोहाची कमतरता, आहार हे सगळं त्यात सोप्या भाषेत आलं होतं. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचा उल्लेख मात्र राहून गेला. मी औषधनिर्माती आहे, बालरोग विभागाच्या औषधखिडकीवर बसते, आणि या मुलांच्या घरच्यांकडून एक वाक्य मला सारखं ऐकू येतं : ‘ताई, आधी रक्त वाढवा आणि मगच ते एचआयव्हीचं औषध सुरू करा, असं सांगितलंय.’ सांगणारे कधी नातेवाईक असतात, कधी शेजारी, आणि कधी डॉक्टरसुद्धा. हा सल्ला चुकीचा आहे, हे स्पष्ट सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

त्यामागची काळजी मला कळते. हिमोग्लोबिन 6 वर आलेलं, ओठ-नखं पांढरी पडलेली, उचलून घेतलं तरी मान टाकणारं मूल समोर असतं. ‘एवढी जालीम औषधं याला सोसतील का?’ असं आईला वाटणारच. पण या मुलाचं रक्त कमी होण्याला बऱ्याचदा तो विषाणूच कारण असतो. शरीरात सतत धुमसणाऱ्या दाहामुळे लोह साठ्यात अडकून पडतं आणि नव्या पेशी बनवायला मिळत नाही. अस्थिमज्जेचं, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी बनवणाऱ्या भागाचं, काम मंदावतं, त्यात एकामागून एक संसर्ग होत राहतात. कारण न सापडणारं 8 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात एचआयव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं लक्षण मानलं जातं. म्हणजे रक्तक्षय हे थांबण्याचं नव्हे, घाई करण्याचं कारण आहे. विषाणू आटोक्यात आला की पुढच्या काही महिन्यांत बहुतेक मुलांचं हिमोग्लोबिन चढू लागतं. उपचाराशिवाय नुसतं रक्त वाढवू पाहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

थांबण्याची किंमत किती असते, याचे आकडे आहेत. जन्मतः संसर्ग झालेल्या बाळांना उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी बाळं दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘चेर’ चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. आजार बळावण्याची वाट न पाहता पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू केलेल्या बाळांमध्ये मृत्यू 76 टक्क्यांनी कमी झाले होते. निदान झाल्यापासून सात दिवसांच्या आत, शक्य असेल तर त्याच दिवशी उपचार सुरू करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना 2017 पासून सांगते आहे. अपवाद मोजके आहेत. मेंदूच्या आवरणाला क्षयरोग किंवा बुरशीचा संसर्ग झाल्याची शंका असेल, तर आधी त्यावर उपचार करून थोडं थांबावं लागतं. रक्तक्षय या अपवादांत बसत नाही.

मग ‘या औषधांनी रक्त जातं’ ही भीती आली कुठून? ती अगदीच निराधार नाही. एचआयव्हीवरचं पहिलं औषध, झिडोव्हुडिन, 1987 मध्ये मंजूर झालं. ते अस्थिमज्जेला दाबतं आणि त्यामुळे हिमोग्लोबिन उतरतं, हे त्याच्या सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं. पुढे अनेक वर्षं मुलांना दिल्या जाणाऱ्या मिश्रणांत हे औषध असायचं. पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या मुलाचं रक्त झपाट्याने उतरायचं आणि घरच्यांच्या मनात सगळ्याच गोळ्यांची धास्ती बसायची. गंभीर रक्तक्षय असलेल्या मुलाला झिडोव्हुडिन सुरू करायचं नसतं. ते आधीपासून चालू असेल आणि रक्त उतरत असेल, तर बदलून घ्यावं लागतं. आज मुलांसाठी पसंतीची जोडणी अबाकावीर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी आहे. हिच्यामुळे अस्थिमज्जा दबण्याची भीती झिडोव्हुडिनइतकी नाही. अबाकावीरची मात्र एक खूणगाठ बांधून ठेवा. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप असं एकत्र दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. त्यांनी अ‍ॅलर्जी म्हणून ते औषध बंद केलं, तर पुन्हा कधीही सुरू करायचं नाही.

आता माझ्या खिडकीवरची गोष्ट, कारण ती मोठ्या लेखांत येत नाही. एक आजी नातवाचं औषध न्यायला येतात. पिशवीत पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आणि लोहाचं सिरप. परवा सहज विचारलं, कसं देता? म्हणाल्या, ‘सकाळी उपाशीपोटी दोन्ही एकदमच देते, म्हणजे एकदाचं उरकतं आणि अंगीही लागतं.’ त्यांची निष्ठा शंभर टक्के होती, एकही दिवस चुकवत नव्हत्या. पण उपाशीपोटी लोह आणि डोल्युटेग्राव्हिर बरोबर घेतलं, तर लोह त्या औषधाला पोटातच पकडून ठेवतं. मोठ्या माणसांवरच्या अभ्यासात असं घेतल्यावर औषधाचं रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. कॅल्शियमचंही तेच. उपाय सोपा आहे. दोन्ही एकत्र द्यायचीच असतील तर भरल्या पोटी, जेवणाबरोबर द्यावीत. उपाशीपोटी द्यायचं असेल, तर डोल्युटेग्राव्हिर लोहाच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आजींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. एका चिठ्ठीवर एचआयव्हीचं औषध, दुसऱ्या चिठ्ठीवर लोह, लिहिणारे दोन वेगळे विभाग. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र बघणारं माणूस बहुतेकदा आमच्यासारखं खिडकीवरचंच असतं, आणि खिडकीवर रांग असते. म्हणून माझी मागणी आहे की ही वेळ बाटलीवरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिणं प्रत्येक केंद्राने सक्तीचं करावं.

आणि वजन. या गोळ्यांचा डोस वजनावर ठरतो. तिन्ही औषधं एकत्र असलेली विरघळणारी गोळी 6 ते 10 किलोच्या मुलाला रोज 3, 10 ते 14 किलोला 4, आणि 20 ते 25 किलोला 6 अशी द्यावी लागते. उपचार लागू पडलेलं मूल भराभर वजन घेतं आणि जुना डोस कमी पडू लागतो. प्रत्येक भेटीत मुलाला काट्यावर उभं केलंच पाहिजे.

लोहाबद्दलही एक सांगायचं आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे गणित या मुलांत नेहमी जुळत नाही. मलेरिया, क्षयरोग, अंकुशकृमी, फोलेट किंवा बी-12 ची कमतरता, पार्व्होव्हायरस बी-19, जन्मजात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया, यांपैकी काहीही असू शकतं, आणि पुष्कळदा दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. तपासण्याही फसवतात. फेरिटिन हे लोहसाठ्याचं माप, पण संसर्गात ते वाढलेलं दिसतं. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलात एरवी 12 ची सीमा धरतात, तर संसर्ग असताना 30 ची. झिडोव्हुडिनमुळे तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात, आणि लोहाच्या कमतरतेत दिसणाऱ्या लहान पेशींची खूण त्याखाली झाकली जाऊ शकते. अतिकुपोषित मुलाला तर लोह पहिल्याच दिवशी देत नाहीत. त्याची तब्येत स्थिरावून वजन वाढू लागल्यावरच देतात. तेव्हा दुकानातून टॉनिक आणून पाजत राहण्याऐवजी कारण शोधायचा आग्रह धरा.

कोट्रायमोक्साझोल, म्हणजे या मुलांना संसर्ग टाळण्यासाठी दिलं जाणारं प्रतिजैविक, याच्या बाबतीत उलटं घडतं. या औषधाने क्वचित रक्त उतरू शकतं, असं कुणीतरी वाचतं आणि घरच्या घरी बंद करून टाकतं. झांबियातल्या 2004 च्या चाचणीत याच स्वस्त औषधाने एचआयव्हीबाधित मुलांचे मृत्यू 43 टक्क्यांनी कमी केले होते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

रक्त चढवण्यावरून घरच्यांत आणि डॉक्टरांत वाद होताना मी पाहते. युगांडा आणि मलावीत तीन हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या ‘ट्रॅक्ट’ चाचणीत (2019) असं दिसलं, की हिमोग्लोबिन 4 ते 6 च्या दरम्यान असलेल्या, पण धाप किंवा ग्लानीसारखं गंभीर लक्षण नसलेल्या मुलांना लगेच रक्त दिल्याने 28 दिवसांतले मृत्यू कमी झाले नाहीत. अट एवढीच, की त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवलं जात होतं आणि प्रकृती ढासळली किंवा हिमोग्लोबिन 4 च्या खाली गेलं तर रक्त दिलं जात होतं. त्यातल्या अनेक मुलांना मलेरिया होता, त्यामुळे हा निष्कर्ष प्रत्येक एचआयव्हीबाधित मुलाला जसाच्या तसा लावू नये. पण डॉक्टर ‘थोडं थांबू, लक्ष ठेवू’ म्हणाले, तर ते टाळाटाळ करतात असा अर्थ काढू नका. पिशवी चढवून घरी पाठवलं आणि मूळ उपचार सुरूच केले नाहीत, ही खरी हयगय आहे. तिच्याबद्दल जरूर भांडा.

यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये जगात 14 वर्षांपर्यंतची सुमारे 14 लाख मुलं एचआयव्हीसह जगत होती. प्रौढांपैकी 77 टक्क्यांना उपचार मिळत होते, मुलांपैकी जेमतेम 57 टक्क्यांना. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांचं निदानच झालेलं नसतं. म्हणून बालरोगतज्ज्ञांना कळकळीची विनंती : लोह देऊनही न सुधारणारा रक्तक्षय, वरचेवर होणारे संसर्ग, खुंटलेलं वजन असं मूल समोर आलं, तर एचआयव्हीची तपासणी सुचवायला संकोचू नका. बाळ 18 महिन्यांपेक्षा लहान असेल तर नेहमीची अँटिबॉडी तपासणी पुरत नाही, कारण त्यात आईकडून आलेल्या अँटिबॉडी दिसतात. थेट विषाणूच शोधणारी पीसीआर तपासणी करावी लागते.

पालकांसाठी शेवटचं. मूल धापा टाकत असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध ओढताना दमत असेल, जागं करूनही डोळे मिटत असेल, किंवा लघवी गडद लाल-काळी होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि चालू असलेली सगळी औषधं, सिरपच्या बाटलीसकट, बरोबर घेऊन जा.

आपली विश्वासू,
बालरोग विभागातील एक औषधनिर्माती