पांडवकडा पावसाळ्यात नियंत्रित पद्धतीने खुला करावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील धबधबे, धरणांचे परिसर आणि डोंगरवाटा यांवर मनाई आदेश लागू होतात, हे आता दरवर्षीचे झाले आहे. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असत. १ जुलै २०२४ पासून त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा आधार आहे. कलम बदलले तरी क्रम बदललेला नाही. आदेश निघतो, वर्तमानपत्रांत बातमी छापून येते, सुरुवातीच्या रविवारी नाक्यावर बंदोबस्त लागतो, आणि पावसाने जोर धरला की कुठल्या ना कुठल्या कुंडात कोणाचा तरी मुलगा बुडाल्याचे वाचायला मिळते. खारघरमध्ये राहणारी आणि दर पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याचे पाणी घराच्या गच्चीवरून पाहणारी नागरिक म्हणून मी या विषयावर सविस्तर लिहीत आहे. माझे म्हणणे असे की, पांडवकड्याचा परिसर पावसाळ्यात सरसकट बंद न ठेवता ठरावीक वेळेत, मर्यादित संख्येने, तिकीट घेऊन आणि प्रशिक्षित स्थानिक वाटाड्यांच्या सोबतीने खुला करावा. धबधब्याखालचे कुंड मात्र कायमचे बंद ठेवावे.

येथील धोका नेमका कशाचा आहे, हे आधी पाहिले पाहिजे. पांडवकडा शंभर मीटरहून अधिक उंचीवरून कोसळतो. वरचा माथा काळ्या कातळाचा आहे, त्यावर मातीचा थर पातळ आहे आणि उतार तीव्र आहे, त्यामुळे वर पडलेला पाऊस मुरत नाही, तसाच्या तसा ओढ्यांत उतरतो. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर रिमझिम सुद्धा नसते आणि तरीही माथ्यावर ढग मोकळा झालेला असल्यास काही मिनिटांत घोट्याएवढे पाणी कमरेपर्यंत चढते. पाण्याबरोबर वरून दगडही येतात. कुंडात भोवरा असतो, कडेच्या खडकांवर शेवाळ असते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तेथे पोहण्याचा काही उपयोग होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये याच परिसरात चार विद्यार्थिनी वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये खारघरच्या डोंगरावर गेलेले शंभराहून अधिक लोक, त्यांत बहुसंख्य महिला, ओढ्याला पाणी चढल्याने पलीकडे अडकले आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी त्यांना सुखरूप अलीकडे आणले. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मध्यात उभी राहिलेली ती माणसे आपण सर्वांनी चित्रफितीत पाहिली आहेत. या घटनांत साम्य असे की माणसे आत गेली तेव्हा पाणी ओलांडता येण्याजोगे होते. वर काय चालले आहे हे सांगणारे तेथे कोणी नव्हते, आणि पाणी वाढल्यावर परत येण्यासाठी दुसरी वाट नव्हती.

मनाई आदेशाने या दोन्ही उणिवा भरून निघत नाहीत. मुख्य रस्त्यावर बंदोबस्त असला म्हणजे दुचाकीवरून आलेली मुले तेथून माघारी फिरतात, "साहेब, लांबूनच बघून येतो" अशी विनवणी करून पाहतात, आणि ती फेटाळली गेली की वस्तीच्या मागच्या बाजूने, झुडपांतून, गुडघाभर चिखल तुडवीत पुन्हा त्याच ओढ्यावर पोहोचतात. मी हे अनेक वेळा पाहिले आहे. राजमार्गाने गेलेला माणूस निदान कोणाच्या तरी नजरेत असतो. आडवाटेने गेलेल्याची नोंद कोठेही नसते, आणि तो परतला नाही हे रात्री घरच्यांचा फोन आल्यावर कळते. शोधकार्य सुरू होईपर्यंत अंधार झालेला असतो. बंदोबस्तावरील पोलीस भर पावसात उभे राहून आपले काम करीत असतात, त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. कित्येक चौरस किलोमीटरचा डोंगर चार-सहा जणांनी अडवून धरावा ही अपेक्षाच अवास्तव आहे.

येथे येणारे लोक कोण आहेत, याचाही विचार व्हावा. ज्यांच्याकडे मोटार आहे आणि खिशात पैसे आहेत, ते पावसाळ्यात लोणावळ्याला किंवा कर्जतला एखाद्या रिसॉर्टमध्ये जाऊन राहतात. खारघरच्या ओढ्यावर येतात ती मानखुर्द, गोवंडी, कळवा, दिवा, तुर्भे येथील मुले-मुली, आठवडाभर कारखान्यात, दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामावर राबणारी, लोकलच्या तिकिटात आणि वडापावाच्या पैशांत एक दिवस हिरवा डोंगर पाहू इच्छिणारी. त्यांच्यात दारू पिऊन धिंगाणा घालणारे काही असतात, त्यांच्यावर कडक कारवाई झालीच पाहिजे. परंतु त्या काहींसाठी सगळ्यांना "हुल्लडबाज" ठरवून दार लावून घेणे मला अन्यायाचे वाटते. दीड खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला पाऊस पाहायला जागा हवी असणे ही साधी, माणसासारखी गरज आहे.

धोक्याचे पाणी आणि सामान्य माणूस यांना सुरक्षितपणे एकत्र आणणे आपल्याच जिल्ह्यात शक्य झाले आहे. नुकतीच मी कुटुंबासह कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगला गेले होते. मुळशी जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते, जनित्रे फिरवून कुंडलिकेच्या पात्रात येते आणि पुढे रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीकडे जाते. (हेच ते मुळशीचे पाणी, ज्याच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, राफ्टमध्ये बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.) वीजनिर्मितीनंतर सकाळी पाणी सोडले जाते, म्हणून राफ्टिंगची वेळही सकाळची. पाणी कधी येणार हे तेथील प्रत्येकाला माहीत असते, आणि सर्व राफ्ट त्या पाण्याबरोबर एकापाठोपाठ निघतात. पाऊस अति झाला तर राफ्टिंग थांबवले जाते.

आमच्या राफ्टचा मार्गदर्शक जवळच्याच गावचा, पंचविशीतला तरुण होता. त्याने प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून आवळले, मग दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरून जॅकेट वर उचलून पाहिले. माझे जॅकेट हनुवटीपर्यंत वर सरकले, तेव्हा तो म्हणाला, "काकू, असं नाही चालणार. श्वास सोडा, अजून एकदा आवळतो." हेल्मेटची क्लिप लावून झाल्यावर त्याने काठावरच पाण्यात पडल्यावर पाय पुढे करून पाठीवर कसे तरंगायचे हे करून दाखवले, वल्ही कशी धरायची आणि त्याच्या हाकेसरशी कधी थांबायचे याचा सराव करून घेतला, आणि ज्याने लक्ष दिले नाही त्याला पुन्हा करायला लावले. आमच्यासोबत कॉलेजची काही मुले होती. काठावर मोबाइल नाचवीत आलेल्या त्या मुलांनी त्याच्या एका शब्दावर मोबाइल पिशवीत टाकले. पाण्याचा वेग पांडवकड्याच्या ओढ्यापेक्षा कितीतरी अधिक होता, तरी भीती वाटली नाही, कारण पाण्याचा माणूस बरोबर होता.

नदी आणि धबधबा यांत फरक आहे हे मला मान्य आहे. कुंडलिकेचे पाणी कळ दाबून सोडले जाते, पांडवकड्याचे आभाळातून येते. म्हणूनच पांडवकड्यावर कोणी पाण्यात उतरावे असे मी सुचवीत नाही. कोलाडकडून घ्यावयाचे ते एवढेच की वेळ ठरलेली असावी, पाण्याची खबर असावी, जाणकार माणूस सोबत असावा आणि त्याचा शब्द शेवटचा मानला जावा. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनासाठी धोरण जाहीर केले, त्यात अशा उपक्रमांच्या नोंदणीची आणि प्रशिक्षित मनुष्यबळाची अपेक्षा आहे. पैसे मोजून राफ्टमध्ये बसणाऱ्याची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढी फुकट ओढ्यावर येणाऱ्याची का घेऊ नये?

संख्येवर मर्यादा घालणेही आपल्याकडे नवे नाही. साताऱ्याजवळील कास पठारावर, जे २०१२ पासून जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे, फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आहे, आणि तेथील व्यवस्था परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पाहतात. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात प्रवेशशुल्क घेतले जाते, प्लास्टिकच्या बाटल्यांची प्रवेशद्वारावर नोंद होते आणि लोक आखून दिलेल्या वाटेने किल्ल्यापर्यंत जाऊन येतात. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत. या डोंगराचा प्रत्येक ओहोळ कधी फुगतो आणि कधी ओसरतो, हे तेथील माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांतील तरुण-तरुणींना प्रथमोपचाराचे, दोराच्या साहाय्याने बचावाचे आणि गर्दी हाताळण्याचे प्रशिक्षण देऊन वाटाडे म्हणून नेमावे, आणि तिकिटाच्या उत्पन्नातील मोठा वाटा पाड्यांच्या समितीकडे जावा. तिकीट मात्र वीस-तीस रुपयांच्या वर नसावे. ते महाग केले की लोक पुन्हा आडवाटेला लागतील आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

प्रत्यक्ष कामे फार मोठी नाहीत. धबधबा समोरून पूर्ण दिसेल अशा सुरक्षित अंतरावर कठडे असलेली एक जागा, तेथपर्यंत एकच आखलेली पायवाट, आणि ती पायवाट जेथे जेथे ओढा ओलांडते तेथे पक्का साकव, म्हणजे छोटा पूल. माझ्या मते सर्वांत निकडीचा हा साकव आहे, कारण २०२१ सारखा प्रसंग पुन्हा आला तर परतीची वाट तरी उघडी राहील. माथ्यावर एक पर्जन्यमापक आणि खाली भोंगा असावा. हवामान विभागाचा इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस अपेक्षित असताना, म्हणजे अत्यंत मुसळधार पावसाच्या लाल इशाऱ्याच्या दिवशी, परिसर बंद ठेवणे सोपे आहे. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशीही बंदच ठेवावा. पण पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी एकाच डोंगरावर अडकलेला एक ढग जिल्ह्याच्या अंदाजात दिसत नाही, आणि माणसे बहुधा अशाच दिवशी गाफील असतात. माथ्यावरच्या मोजमापाचा आणि खालच्या भोंग्याचा उपयोग तेव्हा आहे. दुपारी दोननंतर प्रवेश नसावा, चारपर्यंत शेवटचा माणूस मोजून बाहेर यावा, आत गेलेल्यांची आणि बाहेर आलेल्यांची संख्या जुळल्याशिवाय वाटाड्यांनी घरी जाऊ नये. महिलांसाठी स्वच्छतागृह हवे, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, तरी सांगते.

काही पर्यावरणप्रेमी मित्रांचा यावर आक्षेप आहे की परिसर अधिकृतपणे खुला केला तर गर्दी वाढेल आणि डोंगराची नासाडी होईल. हा आक्षेप मी गांभीर्याने घेते, कारण हा डोंगर मलाही तितकाच प्रिय आहे. पण आज काय स्थिती आहे? पावसाळा संपल्यावर ओढ्याच्या कडेने चालत गेले की दगडांच्या खोबणीत अडकलेल्या चपला, बाटल्यांच्या काचा आणि चिप्सची पाकिटे ठायी ठायी दिसतात. बंदी असलेल्या जागेचा कचरा कोणाच्याही जबाबदारीचा नसतो. रोजची मर्यादा ठरली, बाटलीमागे अनामत घेतली गेली आणि त्या ठिकाणाचे उत्पन्न पाड्यातील घरांत जाऊ लागले, तर तो डोंगर स्वच्छ राखण्यात कोणाचा तरी रोजचा स्वार्थ निर्माण होईल, आणि उन्हाळ्यातील वणवे विझवायलाही तेच हात पुढे येतील. तरीही दोन हंगामांच्या अनुभवानंतर वनस्पती आणि पक्ष्यांवर वाईट परिणाम दिसला, तर मर्यादा आणखी खाली आणावी किंवा परिसर पुन्हा बंद करावा. त्याला माझी हरकत नाही.

ठाण्यातील येऊर आणि बदलापूरजवळील कोंडेश्वर येथेही थोड्याफार फरकाने हाच प्रश्न आहे. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडत असल्याने तेथील नियम अधिक कडक असणार आणि ते तसेच असावेत. पांडवकड्याचा प्रयोग यशस्वी झाल्यास कोंडेश्वरला तो लवकर लागू करता येईल, असे मला वाटते.

ही सर्व कामे पावसात होणारी नाहीत. ओढा आटलेला असताना, म्हणजे जानेवारी ते एप्रिल या काळात, वन विभाग, जिल्हा प्रशासन, महापालिका आणि फणसवाडी-चाफेवाडीचे प्रतिनिधी यांनी मिळून पायवाटेची आणि साकवांच्या जागांची पाहणी करावी, वाटाड्यांची निवड करून मे अखेरपर्यंत त्यांचे प्रशिक्षण पूर्ण करावे, आणि येत्या जूनमध्ये मनाई आदेश काढण्यापूर्वी या प्रस्तावावर खारघरमध्ये नागरिकांची खुली बैठक घ्यावी, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी संबंधित अधिकाऱ्यांना विनंती आहे. बैठकीची तारीख आपल्या दैनिकात प्रसिद्ध झाल्यास येथील अनेक रहिवासी स्वखुशीने येतील.

आपली विश्वासू,
एक वाचक,
खारघर, नवी मुंबई