बाबा, सगळं धर्मावर नका ढकलू

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर विषय निघाला आणि अर्धवटच राहिला. बाबा, तुम्ही म्हणालात की कोण श्रीमंत होणार आणि कोण गरीब राहणार हे ज्याच्या त्याच्या धर्मातच ठरलेलं असतं, आणि मी नुसतं "असं नसतं हो" म्हणून गप्प बसले. पण ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. धर्माचा पैशावर परिणाम होतो हे मलाही पटतं, फक्त तो नेमका कशातून होतो ते बघायला हवं असं मला फार वाटतं.

तुमच्यासारखंच मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्ये मांडलं होतं, की प्रोटेस्टंट पंथाचे ख्रिश्चन लोक कामाला देवाने दिलेलं कर्तव्य मानतात, चैन टाळतात, म्हणून त्यांच्याकडे भांडवल साठतं. ऐकताना लगेच पटतं. पण बेकर आणि वोसमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९ व्या शतकातल्या प्रशियाची, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याची, जिल्हावार आकडेवारी तपासली, त्यांचा पेपर २००९ चा आहे, आणि त्यात निघालं काय, तर बायबल प्रत्येकाला स्वतः वाचता यावं असा प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरचा आग्रह होता, त्यासाठी शाळा हव्यात, मुलींच्यासुद्धा, असं तो म्हणायचा, आणि प्रोटेस्टंट जिल्हे पुढे दिसतात त्याचं बरंचसं कारण ही साक्षरताच. आणि लिहायला वाचायला तर कुठल्याही धर्माच्या पोराला शिकवता येतं ना बाबा!

दुसरं, मध्यपूर्व मागे राहिली ती इस्लाममुळे, असं तुम्ही म्हणालात. अहो, इस्लामचे पैगंबर स्वतः व्यापारी होते, व्यापाराला तिथे कधीच कमी लेखलं नाही. तिमूर कुरान नावाचे अर्थशास्त्रज्ञ अडचण वेगळीच सांगतात, ती म्हणजे वारसा कायदा. माणूस गेला की मालमत्ता ठरलेल्या हिश्श्यांनी बऱ्याच वारसांमध्ये वाटली जायची आणि भागीदार वारला की भागीदारीच संपायची, म्हणून लोक थोडेच भागीदार घ्यायचे, तेही थोड्या काळासाठी, आणि युरोपात पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या तशा तिथे राहिल्या नाहीत. हिश्शाचा हा नियम तर बायका-मुलींनाही वाटा देणारा, त्या काळाच्या मानाने न्यायाचाच. चांगल्या हेतूने केलेला नियम शेकडो वर्षांनी धंद्याला आड येतो, मला हे वाचून खूप वाईट वाटलं.

आणि धर्म तोच राहून निकाल बदलतो त्याचं काय? चीनमध्ये भांडवलशाही रुजली नाही याचा दोष वेबरने कन्फ्यूशियस या जुन्या चिनी विचारवंताच्या विचारांना दिला, पुढे दक्षिण कोरिया, तैवान, सिंगापूर झपाट्याने वर आले तेव्हा लोकांनी श्रेयही त्याच विचारांना दिलं. आपल्याकडे १९७८ च्या सुमारास राज कृष्ण या अर्थशास्त्रज्ञाने देशाच्या वर्षाला सुमारे ३.५ टक्क्यांच्या आर्थिक वाढीला 'हिंदू ग्रोथ रेट' म्हटलं, मग १९८० नंतर वेग वाढला, १९९१ नंतर आणखी वाढला, लोकांचा धर्म तर तोच होता, बदलली ती धोरणं. म्हणून कुणी एखाद्या अख्ख्या समाजाला "यांच्यात नाहीच ते" म्हणालं की मला सहन होत नाही, त्यातल्या शिकणाऱ्या पोरांचं काय होत असेल ऐकून?

आई, तू म्हणालीस की श्रद्धा असली की माणूस व्यवहाराला चोख राहतो, त्यात तथ्य आहे गं. इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिश्चन पंथाचे दुकानदार घासाघीस न करता सगळ्यांना एकच भाव सांगायचे म्हणून लोक विश्वासाने त्यांच्याकडे जायचे, बार्कलेज आणि लॉइड्स या बँका उभ्या करण्यात क्वेकर घराण्यांचा मोठा हात होता. पण ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्या आणि सरकारी पदं त्यांना बंद होती, त्यामुळेही ते धंद्याकडे वळले, हेही त्यात धर.

आणि पैसा म्हणजे सगळं नाही असंही तू म्हणालीस ना? त्यावरही अभ्यास झालाय, २०१५ चा. रमजान उन्हाळ्यात येतो तेव्हा काही देशांत रोजा जास्त तासांचा होतो, तिथे आर्थिक वाढ थोडी मंदावते, पण तेच लोक आपण जास्त समाधानी असल्याचं सांगतात. मग त्याला नुकसान म्हणायचं का? मला तुझं मत ऐकायचंय, बाबा बोलायला लागले की तू फोन त्यांच्याकडे देऊन टाकतेस, या वेळी देऊ नकोस.

तुमची लेक