ताऱ्यांचे रंग वाचवणाऱ्या ताईंना आभारपत्र

प्रिय ताई,

मृग नक्षत्रातला काक्षी हा तारा नारिंगी आणि राजन्य निळसर दिसायलाच हवा. एकाच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ३,५०० केल्विन, दुसऱ्याचं १२,०००. तरीही आमच्या आकाशछायाचित्रांत, संगणकावरच्या प्रोसेसिंगनंतर दोघेही पांढरे ठिपके का होतात, हे तुम्ही आमची एकेक फाइल उघडून समजावलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

सर्वांत मोलाची ठरली ती तुमची पहिली तपासणी. स्ट्रेच करण्याआधी (म्हणजे अंधारे भाग उजळवण्याआधी) लिनिअर, म्हणजे अजून न उजळवलेल्या फाइलमध्ये ताऱ्याच्या गाभ्यावर कर्सर ठेवायचा आणि लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनेलचे आकडे वाचायचे. १६ बिटच्या फाइलमध्ये तिन्ही ६५,५३५ ला, म्हणजे कमाल आकड्याला टेकले असतील, तर रंग कॅमेऱ्यातच गेला. मग सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) कितीही वाढवा, गाभा पांढराच राहणार. त्यासाठी १०-१५ सेकंदांची वेगळी एक्स्पोजर घेऊन गाभे त्यातून भरावे लागतात. आकडे खाली असतील, तर रंग शाबूत आहे आणि तो पुसतोय नेहमीचा हिस्टोग्राम स्ट्रेच. तिन्ही चॅनेल वर सरकून छताला लागतात, फरक मिटतो. सिरिल या प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमधला आसिन्ह नावाचा स्ट्रेच तिन्हींना एकाच पटीने वाढवतो, म्हणून त्यांचं गुणोत्तर टिकतं. अर्थात त्याआधी गाया या ताऱ्यांच्या कॅटलॉगवरून रंगांचं कॅलिब्रेशन झालेलं हवं.

ताऱ्यांच्या आकाराच्या बाबतीत तुम्ही आधी फोटोचे चारही कोपरे बघायला लावलेत, हे फार बरं झालं. सगळे तारे एकाच दिशेला लांबट असतील तर ट्रॅकिंग, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे नीट फिरते का, ते बघायचं. कोपऱ्यांतले तारे केंद्राच्या दिशेने ताणलेले असतील तर फ्लॅटनरपासून (कडेचे तारेही नीट दिसावेत म्हणून लावलेल्या भिंगापासून) कॅमेऱ्याच्या सेन्सरचं अंतर तपासायचं, जे बहुतेक वेळा ५५ मिमी लागतं. एकच बाजू बिघडली असेल तर सेन्सर तिरका. ताऱ्याच्या एका कडेला लाल आणि समोरच्या कडेला निळी किनार दिसली, तर लाल आणि निळा चॅनेल हिरव्यावर वेगवेगळे जुळवायचे. डीकन्व्होल्यूशन (पसरलेले तारे रेखीव करण्याची प्रक्रिया) लिनिअर फाइलवरच, तेही बेताने. ताऱ्याभोवती काळं कडं उमटलं की जोर जास्त झाला.

नॅरोबँडमधल्या (प्रकाशाचे मोजके अरुंद पट्टेच टिपणाऱ्या फिल्टरने काढलेल्या फोटोंमधल्या) जांभळ्या ताऱ्यांवरचा तुमचा उपाय तर आम्ही आता सर्रास वापरतो: ताऱ्यांचा थर वेगळा काढायचा, निगेटिव्ह करायचा, हिरवा रंग काढायचा, पुन्हा निगेटिव्ह करायचा आणि मग स्क्रीन ब्लेंड या थर मिसळण्याच्या पद्धतीने तेजोमेघावर परत बसवायचा. नुसती बेरीज केली तर गाभे पुन्हा जळतात, म्हणजे पांढरे पडतात, हेही तुम्हीच बजावलंत.

तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आम्ही सर्वजण ऋणी आहोत.

आपले,
आकाशछायाचित्रण करणारे आम्ही सारे