शनिवारच्या बैठकीची आठवण : कैफियत आणि मुदत

सर्व कनिष्ठ वकील सभासदांना आठवण. शनिवारी संध्याकाळी 5 वाजता आपल्या ज्येष्ठ सभासद मॅडम दिवाणी वकिलीतल्या प्रदीर्घ अनुभवाबद्दल बोलणार आहेत. उलटतपासाचे किस्से निघतीलच, पण त्यांचा भर कैफियतीवर, म्हणजे प्रतिवादीने दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरावर आहे, आणि तो योग्यच आहे. ती देण्याची मुदत समन्स बजावल्यापासून 30 दिवस. न्यायालयाने कारणं नोंदवून परवानगी दिली तर एकूण 90. वाणिज्यिक दाव्यात 120 दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच जातो.

वादपत्रातलं, म्हणजे वादीने दाखल केलेल्या दाव्याच्या अर्जातलं एखादं विधान स्पष्ट नाकारायचं राहिलं, तर ते मान्य धरलं जाऊ शकतं. म्हणून प्रत्येकाने एका वादपत्राची प्रत आणावी, पक्षकारांची नावं खोडून. परिच्छेदवार उत्तर तिथेच लिहायचं आहे. नुकतीच सनद मिळालेल्यांनी तर नक्की यावं. कच्चा मसुदा त्या स्वतः तपासून देणार आहेत.