चार दिव्यांवर एकच अंगठा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘हस्तनिर्मित हेरोदकालीन यहुदी तेलदिवे’ (४ नग, ₹६,८००) वर्णनाप्रमाणे नसल्याबद्दल व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्याकडून मागवलेल्या मातीच्या दिव्यांबद्दल मी तक्रार केली, तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी ‘हाताने केलेल्या वस्तूत थोडाफार फरक असायचाच’ असं कळवून पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. या चार दिव्यांत काडीचाही फरक नाही. चारांच्याही बुडाशी डाव्या अंगाला अंगठ्याचा ठसा आहे आणि चारही ठशांमधून एकच बारीक तिरकी चीर गेली आहे. कुठल्या कुंभाराचा अंगठा चार वेळा असा टेकतो? एक दिवा कोणीतरी खरोखर हाताने केला असेल. बाकीचे त्याचा साचा काढून, पातळ माती ओतून पाडलेले आहेत. कडेने फिरलेली सांध्याची रेघ घासून बुजवायची तसदीही कोणी घेतलेली नाही.

साच्याला माझी हरकत नाही. जुन्या काळीही साच्याचे दिवे होतेच. इस्राएलमधल्या बेत शेमेशच्या उत्खननात शेकडो दिवे आणि ते पाडण्याचे दगडी साचे मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. पण तो माल सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचा. आपण ज्याचं नाव लावून विकता तो हेरोदकालीन दिवा (जेरुसलेमभोवतालच्या यहुदियाचा राजा हेरोद याच्या नावाने ओळखला जाणारा) त्याहून बराच जुना, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला. त्याचं पोट चाकावर काढत, चोच वेगळी करून जोडत आणि सुरीने तासत. तासल्याच्या त्या खुणा हीच त्याची ओळख. आपल्या दिव्याची चोच साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत आहे.

वर मेनोराही (यहुदी मंदिरातली सात फाट्यांची दीपमाळ) उठवलेला आहे. खरे हेरोदकालीन दिवे बहुतेक अगदी साधे असत, फार तर चोचीवर चार रेघा-ठिपके. मेनोरा, डाळिंब, द्राक्षवेल अशी नक्षी दिसते ती इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडल्यानंतर दक्षिण यहुदियात साच्यातून निघालेल्या दिव्यांवर. शिवाय आपल्या मेनोराला खाली पायऱ्यापायऱ्यांची बैठक आहे. ती रोममधल्या तीतसच्या कमानीवरून, म्हणजे जेरुसलेमवरच्या रोमन विजयाच्या स्मारकावरून, इस्राएलच्या राजचिन्हात १९४९ साली आली. प्राचीन यहुदी चित्रांत मेनोराला बहुधा तीन पाय असतात. म्हणजे नाव एका काळाचं, नक्षी दुसऱ्या काळाची आणि बैठक रोमन विजयाच्या स्मारकावरची. ‘संग्रहालयातील मूळ वस्तूची हुबेहूब प्रतिकृती’ हे आपलेच शब्द आहेत. कुठल्या संग्रहालयातली, ते तरी कळवावं.

हे सगळं एक वेळ सोडलं असतं, दिवा पेटला असता तर! आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज कोकणात घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. तेल कुठून गळतंय एवढं आम्हाला कळतं. भाजक्या मातीत थोडं तेल मुरतं, हे मान्य. म्हणून दिवाळीच्या पणत्यांसारखे हे दिवे आधी पाण्यात भिजवूनही पाहिले. पण इथे तेल मुरत नाही, सांध्यातून टपकतं. शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावलेल्या दिव्याला शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन) संपेपर्यंत हात लावायचा नसतो. तेल घालायचं नाही, वातही सारायची नाही. मिश्नात (यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात) तर तेल भरलेलं, भोक पाडलेलं अंड्याचं टरफल दिव्याच्या तोंडावर ठेवायलाही मनाई आहे. जेवणं आटोपायच्या आत कोरडा पडणारा दिवा आमच्या काय कामाचा?

त्यातून जुनेपणा यावा म्हणून फासलेला तपकिरी रंग तेल लागताच सुटला. वातीजवळ तो करपून घरभर प्लास्टिक जळल्यासारखा वास आला आणि पांढऱ्या चादरीवर डाग पडला तो पडलाच. खोक्यातल्या चिठ्ठीवर तळाशी बारीक अक्षरांत ‘केवळ शोभेसाठी’ असं छापलेलं आहे. जाहिरातीत मात्र दिवा पेटलेला! ‘जेरुसलेमच्या मातीचा’ म्हणून विकलेल्या या मालाच्या खोक्यावर तो कुठल्या देशात तयार झाला याचा उल्लेख नाही, तोही खुलासा हवा.

वर्णनाशी न जुळणारा किंवा सदोष माल परत घ्यायला ऑनलाइन विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. त्याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. मला पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत हवी, दिवे आपल्या खर्चाने उचलून न्यावेत आणि ‘हस्तनिर्मित’, ‘हुबेहूब’ हे शब्द जाहिरातीतून काढावेत. सुटीचं कूपन नको. मुदतीत काही झालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा आयोगाकडे जाईन. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथे शुल्कही लागत नाही.

आपली,
एक ग्राहक, ठाणे

सोबत : पावतीची प्रत, चारही ठशांचे शेजारी शेजारी ठेवून काढलेले फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट.