कुरतडलेल्या पानांसाठी आभार

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

त्या सकाळी तुम्ही माझा हात धरला नसता, तर लिंबाच्या कुंडीवर औषधाचा फवारा पडलाच असता. पानांवर मला पक्ष्यांची विष्ठा दिसत होती. तुम्ही गवताची काडी घेतलीत आणि त्या ‘विष्ठे’ला हलकेच टोचलंत. डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं सर्रकन बाहेर आली आणि उग्र वास सुटला. “पक्ष्याने खाऊ नये म्हणून सोंग घेतलंय तिने. मोठी झाली की हिरवीगार होईल,” तुम्ही म्हणालात. लाइम बटरफ्लायची अळी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. फवारा खाली ठेवला, तो पुन्हा उचललेला नाही.

तोवर मी फक्त फुलझाडं लावत होते. फुलपाखरं यायची, मध प्यायची, निघून जायची. “यांच्या पिल्लांनी खायचं काय?” हा तुमचा साधा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता.

झाडांची यादी मागितली, तर तुम्ही दिली नाहीत. आठवडाभर काहीही न लावता नुसतं बघायला सांगितलंत, कारण आजूबाजूला जे उडतच नाही त्याच्यासाठी झाड लावून उपयोग नाही. मी वही घेऊन बसले. एक मादी पानावर उतरे, पुढच्या पायांनी टपटप करी आणि उडून दुसऱ्या झाडावर जाई. ती पायांनी पानाची चव घेते, हे तुम्ही सांगितल्यावर मी तासभर तिथून हलले नाही. एवढी पारख करून जी अंडं घालते, तिच्यासाठी आपण डोळे मिटून झाड कसं निवडायचं?

वहीत प्लेन टायगर फुलपाखरू होतं, म्हणून त्याच्या अळ्यांसाठी रुई लावली. तिचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून तुम्ही आधी हातमोजे घालायला लावलेत, तेही लक्षात आहे. रुईतलं विष अळीच्या अंगात साठतं आणि पुढे फुलपाखरालाही राखतं, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. रेड पिएरो फुलपाखरासाठी पानफुटी लावली. त्या पानावर फिकट चट्टा दिसला तेव्हा मला वाटलं रोग पडला. तुम्ही पान उजेडासमोर धरलंत. आत, पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये, अळी गर खात सरकत होती! त्या दिवसापासून मी कुठलंही डागाळलेलं पान आधी उजेडात धरते.

परदेशी शोभेची वेल आणायची मला फार हौस होती. तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या रिचमंड बर्डविंग फुलपाखराची गोष्ट सांगितलीत. तिथे बागांसाठी आणलेल्या एका वेलीवर, आपल्याच वेलीची बहीण समजून, ते अंडी घालतं आणि अळ्या ती पानं खाऊन मरतात. माझी वेल आणायची राहिली. विकत आणलेल्या रोपांत कीटकनाशक मुरलेलं असू शकतं, हेही तुमच्यामुळेच कळलं. आता मी फांदी किंवा बी मागून आणते.

एक दिवस मात्र मी रडवेली होऊन तुमच्याकडे आले होते. सगळ्यात गुबगुबीत अळी मरून पडली होती आणि तिच्या अंगाला गांधीलमाशीच्या जातीतल्या कुठल्याशा इवल्या माशीचे पांढरे कोश चिकटले होते. तुम्ही समजूत घातली नाहीत. शेजारी बसून ते कोश मोजलेत, आणि मग म्हणालात, “पुढच्या वेळी एका झाडाऐवजी तीन लाव.” मी तीन लावली.

त्याचं झालं असं, की तिन्ही लिंबं आता जवळपास बोडकी झाली आहेत. शेवटच्या कातीनंतर या अळ्या किती खातात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सात आहेत. एक कालपासून खाणं सोडून काठीवर चढली आहे आणि तिने कमरेभोवती रेशमाचा दोर बांधला आहे. बाकी सहा भुकेल्या आहेत. कढीलिंब देऊन पाहिला, पण लिंबावर वाढलेल्या अळ्यांनी त्याला तोंड लावलं नाही. तुमच्या लिंबाच्या चार कोवळ्या डहाळ्या मिळतील का? संध्याकाळी येते. वही घेऊनच येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शेजारीण